लपवून खाल्लेली फणसपोळी

पत्र

काकू, सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यात राहते. वय ४६. गेली अकरा वर्षं घरून ऑर्डरी घेते. दर संकष्टीला उकडीचे मोदक, उन्हाळ्यात आंबापोळी-फणसपोळी. माझ्या हातचे मोदक चिपळूणपर्यंत जातात. गोड मला लहानपणापासून जिवापाड आवडतं. गेल्या महिन्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी नको, पाच-सहा किलो वजन उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. माझ्या आईला मधुमेह होता.

लेक पुण्याला शिकते. ती सुट्टीत आली आणि घरातलं गोडधोड सगळं बंद केलं. साखर म्हणजे विष, असं म्हणाली. आमच्या ह्यांचं म्हणणं, धंदाच गोडाचा, तिथे कसलं पथ्य. मी रात्रीचा भातही सोडलाय. अर्धी भाकरी खाते. चहातली दोन चमचे साखर तेवढी ठेवलीय, चहा चार वेळा होतो. दिवसभर निग्रहानं राहते आणि रात्री बाराच्या सुमाराला सगळे झोपले की माजघरात जाऊन ऑर्डरीच्या डब्यातली फणसपोळी काढते. दिवासुद्धा लावत नाही. एक नाही, तीन-चार खाते. मग तोंड धुऊन पडते आणि रडू येतं.

चतुर्थी पंधरा दिवसांवर आली. यंदा नैवेद्याचा मोदकही तोंडात घालू नये का? साखरेऐवजी गूळ चालतो का? की धंदाच बंद करू? मी हावरट आहे का, काकू? नाव छापू नका.

उत्तर

प्रिय मुली,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला रात्री झोपू देत नाही. तू हावरट नाहीस. हावरट माणसाला रडू येत नाही आणि आपल्या ऑर्डरीच्या डब्यातून किती गेलं याचा हिशोब तर तो मुळीच ठेवत नाही. तू 'तीन-चार' लिहिलंस, म्हणजे अंधारातसुद्धा मोजत होतीस.

आता एक गोष्ट सांगते. ती मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

माझे वडील मालवणकडचे. जत्रेहून येताना ते खाजा आणायचे, तो गुळात घोळवलेला, आल्याचा झणका असलेला. पडवीत बसून आम्हा भावंडांना एकेक कांडी मोजून द्यायचे आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे. साठीला आले तेव्हा त्यांना मधुमेह निघाला. मी तेव्हा तिशीत होते. माहेरी आले की घरचा कारभार आपोआप माझ्या हातात यायचा. मी फडताळाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. ते काही बोलले नाहीत. आमच्यासमोर त्यांनी पुन्हा कधी गोडाला हात लावला नाही. मला वाटलं, जिंकलं आपण.

ते गेल्यावर त्यांचे कपडे आवरत होते. तीन सदऱ्यांच्या खिशांना आतून काळपट, चिकट डाग होते. बोट लावलं तर दोन धागे चिकटून आले. गूळ होता तो. म्हणजे ते खाजा कागदातून काढून तसाच खिशात टाकत आणि देवळामागे नाहीतर पाणंदीत उभ्यानं, भराभर खात. ज्या माणसानं आम्हाला वाटून खायला शिकवलं, त्याला मी चोरून खायला लावलं. कुलपानं त्यांची साखर कमी झाली नाही. फक्त ते किती खातात हे मला कळेनासं झालं, आणि डॉक्टरांनाही. ते आकड्यांवरून गोळ्या वाढवत राहिले आणि आकडे का चढतात हे कोणालाच उमगेना.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती ही, की फणसपोळी खायची झाली तर दिवा लाव. ताटली घे, पाटावर किंवा खुर्चीवर बस आणि एक पोळी खा. सकाळी घरात सांग, काल रात्री एक खाल्ली. लाज वाटेल, तरी सांग. आठवडाभर एवढंच कर. चारावरून दोनावर आलीस तर ती माझ्या हिशोबी कमाई आहे.

आणि ती रात्रीची ओढ गोडाची आहे, हे मला पुरतं पटलेलं नाही. अर्धी भाकरी खाऊन तू आठला पानावरून उठतेस. त्यानंतर उद्याचा नारळ खवायचा, पीठ चाळायचं, भांडी आहेतच, आणि ऑर्डर असली की पहाटे चारला उठून मोदकपात्र चढवायचं. बाराला पोट रिकामं असतं, अंग थकलेलं असतं आणि हाताशी काय, तर पोळ्यांचा डबा. तिथे कोणीही डब्याकडेच जाईल. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, आणि ती नेमकी गोडाकडे आणि पिठूळाकडे धावते. तेव्हा रात्रीचं जेवण पोटभर कर. काळ्या वाटाण्याची उसळ किंवा चवळी, नाहीतर मासळीचा तुकडा, वर भाजी, एक पुरती भाकरी. भातच हवा असेल तर मूठभर भातावर कुळथाची पिठी घे, काही बिघडत नाही. तरीही बाराला जाग आली तर आधी कपभर ताक पी आणि दहा मिनिटं थांब. मी सांगते म्हणून चार दिवस करून बघ.

फणसपोळीबद्दल तुला मी काय शिकवावं! बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून, तूप फिरवलेल्या ताटात ओतून, उन्हाकडे डोळे लावून तू ती वाळवतेस. पिकलेल्या गऱ्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं. ते उन्हानं उडतं आणि साखर सगळी मागे राहते. एका पोळीत किती गरे आटले हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. चार पोळ्या खाल्ल्यास म्हणजे तेवढे गरे एका बैठकीत खाल्लेस, तेही रात्री बाराला, आणि लगेच आडवी झालीस. शिवाय ती दाताला चिकटते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते गोड रात्रभर तिथेच राहतं. म्हणून सांगते, पोळी दुपारच्या जेवणानंतर खा आणि चूळ भर.

आता चहा. इथे मी जरा वेळ थांबणार आहे, कारण तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य हे आहे. 'चहातली दोन चमचे साखर तेवढी ठेवलीय.' अगं, चार चहा, आठ चमचे. सपाट चमचा धरला तरी चार-पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे रोजची ३२ ते ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावं आणि पाचाच्या आत आणलं तर उत्तम. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. तुझा नुसता चहाच पंचविसाची रेघ ओलांडून जातो.

आता हाच हिशोब मोदकाच्या भाषेत मांडू. माझ्याकडे एका नारळाच्या चवाला वाटीभर चिरलेला गूळ लागतो आणि त्या सारणाचे मध्यम आकाराचे बारा-पंधरा मोदक होतात. म्हणजे एका मोदकात दहा-बारा ग्रॅम गूळ. तुझं माप थोडं इकडेतिकडे असेल. तू रोज तीन-साडेतीन मोदकांइतकं गोड चहातून पितेस, तेही कसं, तर एका हातात झारा, दुसऱ्या हातात कप, निम्मा चहा गार झालेला. त्या साखरेची चव शेवटची कधी लागली, आठवतं का? जे तुला जिवापाड आवडतं ते तू सोडलंस आणि जे लक्षातही येत नाही ते ठेवलंस. मी असते तर नेमकं उलट केलं असतं.

चहाची साखर एकदम तोडू नकोस, तुझा दिवस बिघडेल. या आठवड्यात दोनाचा दीड चमचा कर. दहा-बारा दिवसांनी एक. मग अर्धा. आलं ठेचून घाल, परसात गवती चहा असेलच. जीभ दोन-तीन महिन्यांत वळते आणि मग पूर्वीचा चहा तोंडात धरवत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. चारातला एक चहा गेला तरी चालेल, दुपारचा सोड. आणि पाहुण्यांबरोबर अमृत कोकमाचा पेला उचलायची सवय असेल तर तीही मोड. तो साखरेचा पाक आहे. तहान लागली तर कोकमाचं आगळ घे, त्यात मीठ असतं पण साखर नसते. चिमूटभर जिरेपूड आणि भरपूर पाणी घातलं की झालं. फक्त रक्तदाब असेल तर मिठाकडेही बघ.

गुळाचं विचारलंस. हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं, गुळानं साखर वाढत नाही म्हणे. वाढते. गुळात बहुतांश साखरच असते. थोडं लोह आणि क्षार असतात, पण ते रोजच्या चमचाभर गुळातून मिळतील तेवढ्यानं काही साधत नाही. घाटावरून येणारा कोल्हापुरी गूळ कितीही पिवळाधमक, खमंग असला तरी रक्ताला त्याच्यात आणि साखरेत फारसा फरक कळत नाही. गूळ वापर तो चवीसाठी, कारण मोदकाचं सारण साखरेचं केलं तर तो मोदकच नव्हे, हे माझं ठाम मत आहे. पण 'गूळ आहे, चालतंय' म्हणून दोन जास्त खाऊ नकोस. बिनसाखरेच्या गोड गोळ्यांचंही तेच. काहींची गोडी आचेवर मोडते आणि त्यांनी जिभेची गोडाची सवय काही सुटत नाही. तुझ्या चुलीवर त्यांना जागा नको.

आता तुझ्या धंद्यात तोंडात काय काय जातं ते बघू, कारण ते तुझ्या हिशोबात कुठेच नाही. सारण चाखावं लागतं. कढईच्या कडेला लागलेली खरवड असते, ती उलथन्यानं काढून तोंडात जाते. आणि फुटलेले मोदक! शंभराची ऑर्डर असली की पाच-सहा तरी फुटतात. कुठे पारी पातळ झालेली असते, कुठे कळ्या मिटताना वर चीर राहते, आणि वाफेत गूळ बाहेर येतो. तो मोदक डब्यात घालता येत नाही, टाकवत तर नाहीच. मग तो उभ्याउभ्या, पुढचा घाणा लागेपर्यंत तुझ्या तोंडात जातो. मी स्वतः असे खाल्लेले आहेत, म्हणून लिहिते. तीन फुटके मोदक म्हणजे त्या दिवसाचं सगळं गोड संपलं आणि देवाला नैवेद्यही अजून दाखवलेला नसतो.

तर असं कर. ओट्यावर झाकणाचा एक डबा फुटक्यांसाठी ठेव. फुटला की त्यात टाक आणि झाकण लाव. काम उरकलं की तो डबा मदतीला येणाऱ्या बायकांबरोबर, शेजारच्या पोरांकडे जाऊ दे. चाखणं एकदाच, गूळ विरघळून सारण एकजीव झालं की चमच्याच्या टोकावर घे, नीट लक्ष देऊन चाख आणि चूळ भर. तुझी जीभ तुझं हत्यार आहे, तिला दर पाच मिनिटांनी गूळ चाटवलास तर तिची धार जाते. खरवडीत गरम पाणी ओत. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे.

धंदा बंद करू नकोस. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक, स्वतःच्या हातात येणारा पैसा आणि ते कौशल्य, हे एका आकड्यापायी सोडून द्यायचं नसतं. ज्या दिवशी घरखर्चासाठी कोणापुढे हात पसरावा लागेल, त्या दिवशी तुला गोड जास्तच लागेल. जमलं तर घरच्या मोदकांत वाटीऐवजी पाऊण वाटी गूळ घालून बघ. नारळ ताजा आणि ओला असेल तर त्याचा गोडवा पुरतो. मग वेलचीबरोबर जायफळ किंचित जास्त उगाळ, उकडीत मीठ विसरू नकोस. घरच्यांना रुचलं तर गिऱ्हाइकाला विचारून त्यांच्यासाठीही कर. न विचारता नको, त्यांनी तुझ्या हातच्या त्याच चवीचे पैसे मोजलेत.

आता चतुर्थी. नैवेद्याचा मोदक तू खायचास, आणि मानानं खायचास. सकाळपासून त्या दिवशी चहात साखर नको. दुपारच्या पानावर आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, वरण खा, भात नेहमीच्या निम्मा घे, कारण मोदकाची पारी तांदळाचीच, तिची पोटात शेवटी साखरच होते. मग मोदक. दोन. पहिल्याची शेंडी मोडून आत तुपाची धार सोड आणि वाफ नाकाशी येऊ दे. घाई करू नकोस. रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोडापेक्षा भाजी-वरणानंतर खाल्लेल्या गोडानं साखर हळू चढते. तूप-खोबऱ्यानंही तो वेग थोडा कमी होतो, पण उष्मांक वाढतात, म्हणून धार ती धारच असू दे. दोन मोदकांत वीस-चोवीस ग्रॅम गूळ झाला. तुझा दिवसाचा वाटा तिथे पुरा झाला आणि तो कुठे गेला हे तुला पक्कं ठाऊक आहे.

जेवून लवंडायचं नाही. तुमच्या गुहागरात आगरातून बाहेर पडलं की समुद्र. पंधरा मिनिटं वाळूत चाल, पाऊस असेल तर पडवीत येरझाऱ्या घाल. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, औषधाला पैसे पडतात आणि हे फुकट आहे. आमच्याकडे जेवणानंतरच्या शतपावलीला फार मान होता, मध्ये दूरचित्रवाणीनं तो घालवला.

दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, त्यात कुठलं गोड नाहीच, हवी तेवढी खा. गौरीच्या दिवशी घावन-घाटलं होईल. एक घावन, वाटीत थोडं घाटलं, आणि त्या दिवशी मोदक नको. आरतीला घरोघरी फिरशील तेव्हा पेढा, खिरापत, करंजी हातावर पडेल. प्रसाद नाकारू नये हे मीही मानते. चिमूटभर तोंडात घाल, उरलेला पदराला बांधून घरी आण. देवाचा प्रसाद कणभर घेतला तरी पुरतो, हे आपल्याच आज्या सांगत आल्या.

मला विचारशील तर गोडाची खरी मजा तिथीत आहे. नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळ्या वाफवल्या की त्या पानाचा जो वास घरभर हिंडतो, तो वर्षातून एकदाच यावा. नारळी पौर्णिमेला नारळीभात, चतुर्थीला मोदक, दिवाळीला गूळपोहे, शिमग्याला पुरणपोळी, वैशाखात सांदणं आणि त्यावर नारळाचं दूध. मधले दिवस कोरे असायचे, म्हणून तर त्या दिवसाची वाट बघितली जायची. आता रोज संध्याकाळी बिस्किटाचा पुडा फुटतो आणि तो खाल्ला हेही कोणाला आठवत नाही. पण पूर्वीच्या बायका गोड खाऊन ठणठणीत होत्या, असं जे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. घरात गूळ मोजून यायचा, सणाचा मोदक बायकांच्या वाट्याला उरलासुरला यायचा आणि त्या दिवसभर चढावर पाण्याच्या कळश्या वाहत असत. त्या कष्टांचं मला कौतुक करायचं नाही. एवढंच म्हणते की तुझ्या आवडीला वार नेमून दे. आठवड्यातून दोनदा, तुला मनापासून आवडतं तेच, बसून, कोणाबरोबर तरी. उरलेल्या दिवशी गोड नाही म्हटल्यावर मन रोज भांडत नाही, कारण नेमलेला वार येणार आहे हे त्याला माहीत असतं. संकष्टीला ऑर्डर असते, तर त्या आठवड्यातला एक वार तोच धर.

तुझ्या आकड्याविषयी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. ६.१ वरून मागे येता येतं. अमेरिकेत अशाच पायरीवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईतल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांवर तसाच अभ्यास केला, २००६ मध्ये तो आला, त्यात घट २८ टक्क्यांहून थोडी जास्त होती. तुझे डॉक्टर पाच-सहा किलो म्हणाले ते यातूनच. आणि तू एकटी नाहीस. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह दिसला, तेरा कोटींहून जास्त लोक तुझ्या पायरीवर होते आणि मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. किनाऱ्यावरच्या आपल्या सगळ्यांनीच हे मनावर घ्यायला हवं.

तुझ्या आईला मधुमेह होता म्हणजे तुला होणारच, असं नाही. पण गाफील राहण्याची मुभा तुला इतरांपेक्षा कमी आहे. फार तहान लागू लागली, लघवीला सारखं जावं लागलं, वजन आपोआप उतरलं, जखम भरेना, तर तीन महिने थांबू नकोस, लगेच तपास. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे इन्शुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेतात त्यांनी माझ्या या पत्रावर जेवणात फेरफार करू नयेत, आपल्या डॉक्टरांना विचारावं. साखर एकाएकी उतरली तर त्यांना गोडच औषध असतं, ते जवळ असू दे.

लेकीवर रागावू नकोस. तिनं आजीचा मधुमेह पाहिलाय, आता आईची पाळी की काय म्हणून ती घाबरलीय. घाबरलेलं माणूस कुलूप शोधतं, मीही तेच केलं. तिला फोन कर आणि सांग, मी काय खाते ते रोज रात्री तुला खरं सांगीन, तू ओरडायचं नाहीस. रात्रीच्या पोळ्यांचंही सांग. ती आधी गप्प होईल. मग कदाचित रडेल. चतुर्थीला आली की तिला मोदकाच्या कळ्या काढायला बसव. विष म्हणाली ना, तिच्या बोटांना एकदा ती उकड लागू दे, अंगठ्यानं पारी पातळ करत, एकेक कळी चिमटीत धरून वर मिटवताना मोदक कसा आकार घेतो ते तिनं करून बघू दे. तिच्या आजीची, तुझी ती विद्या आहे. ती तिच्यापर्यंत जायला हवी.

ह्यांना काही समजवत बसू नकोस. त्यांच्याही चहात अर्धा चमचा कमी घाल आणि जेवण झालं की चप्पल पुढे करून चला म्हण. एवढी वर्षं तू त्यांच्या पथ्यापाण्याचं पाहत आलीस, तर पंधरा मिनिटं तुझ्याबरोबर चालायला त्यांची हरकत नसावी.

उद्याची ऑर्डर आजच भरून दाराशी ठेव, म्हणजे रात्री डबा माजघरात नसेल. आणि तुझ्यासाठी दोन फणसपोळ्या वेगळ्या काढून फडताळात, पुढच्याच खणात ठेव. झाकायचीही गरज नाही. कुलूप तर नकोच.

तीन महिन्यांनी रिपोर्ट येईल तेव्हा मला पत्र टाक. आकडा काहीही आला तरी टाक.

तुझी,
काकू